लारावेल सेटिंग्ज : काय एन्व्ह फाईलमध्ये, काय कॉन्फिगमध्ये आणि काय दुकानदाराच्या हातात



या भागाच्या व्हिडिओत आपण लारावेलच्या सेटिंग्ज प्रत्यक्ष बदलून बघितल्या. व्हिडिओत हात चालतो तेव्हा 'का' मागे पडतं, म्हणून ते इथे लिहून देतो. कमांड आणि सेटिंग्जची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाईप करताना व्हिडिओतली स्क्रीन थांबवून अक्षरं बघून घ्या.

उदाहरण आपलं नेहमीचंच घेऊ. समजा, साताऱ्यात कंदी पेढ्यांचं एक दुकान आहे. दुकानाने लारावेलमध्ये ऑर्डरची साईट करून घेतली आहे. त्या साईटमध्ये ठरवायच्या गोष्टी किती असतात बघा: डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, एसएमएस कंपनीचा टोकन, ईमेलचा पासवर्ड, पुण्याला डिलिव्हरीचे किती रुपये, कमीत कमी किती रुपयांची ऑर्डर घ्यायची, जीएसटीचा दर, बिलाच्या नंबरापुढची अक्षरं, दुकान सोमवारी बंद की चालू, आणि साईटचा टाईमझोन.

आता बहुतेक नवीन डेव्हलपर काय करतात? यातल्या निम्म्या गोष्टी कोडमध्ये जिथे लागल्या तिथे लिहून टाकतात आणि उरलेल्या निम्म्या एन्व्ह फाईलमध्ये कोंबतात. साईट चालते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मालक फोन करतो, "अरे, डिलिव्हरी चार्ज साठचा ऐंशी कर", आणि त्यासाठी सर्व्हरवर लॉगिन करून फाईल उघडावी लागते. ज्या फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आहे तीच फाईल. गर्दीच्या दिवसात, घाईत, मोबाईलवरून. इथून पुढे काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

आधी विचारा : ही सेटिंग कोणाची?

मी शिकवताना एकच प्रश्न विचारायला लावतो. ही किंमत बदलायची वेळ आली तर बदलणार कोण, आणि कशामुळे?

सर्व्हर बदलला म्हणून बदलते, ती सर्व्हरची सेटिंग. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड, गेटवेच्या की, ईमेलचा पासवर्ड, डीबग चालू की बंद. तुमच्या लॅपटॉपवर एक किंमत, लाईव्ह सर्व्हरवर दुसरी. या जातात एन्व्ह फाईलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या त्या फाईलमध्ये.

प्रोग्रामचं वागणं बदललं म्हणून बदलते, ती प्रोग्रामची सेटिंग. पानावर किती ऑर्डर दाखवायच्या, लॉग किती दिवस ठेवायचे, फोटोचा जास्तीत जास्त आकार किती. ही लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर सारखीच असते. तिची जागा कॉन्फिग फोल्डरमधल्या पीएचपी फाईलमध्ये, कोडसोबत, गिटमध्ये.

आणि धंदा बदलला म्हणून बदलते, ती मालकाची सेटिंग. डिलिव्हरी चार्ज, कमीत कमी ऑर्डर, सुट्टीचे दिवस, जीएसटीचा दर. यांची जागा डेटाबेसच्या टेबलमध्ये, आणि मालकाला ॲडमिन पॅनेलमध्ये एक साधा फॉर्म. मालकाला तुम्हाला फोन करावा लागू नये, हीच तिची परीक्षा.

पहिल्या प्रकारासाठी एक जुनी आणि फार चांगली कसोटी आहे. २०११ च्या सुमारास हेरोकूच्या मंडळींनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' नावाने बारा तत्त्वं मांडली, त्यात तिसरं तत्त्व कॉन्फिगचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तुमचा सगळा कोड या क्षणी जगाला उघडा करून दिला, तर एखादा पासवर्ड बाहेर जातो का? जात असेल तर कॉन्फिग कोडपासून वेगळं झालेलं नाही. पेढ्यांच्या साईटचा कोड कोणी मागणार नाही हे मान्य. पण उद्या दुसरा डेव्हलपर येईल, तुम्ही त्याला कोडची झिप द्याल, तेव्हा हाच प्रश्न समोर उभा राहतो.

एकच रस्ता : एन्व्ह, मग कॉन्फिग, मग कोड

हा या लेखाचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा सावकाश जाऊ.

लारावेलमध्ये सेटिंग वाचायची दोन फंक्शन आहेत. एकाचं नाव एन्व्ह, दुसऱ्याचं कॉन्फिग. दोन्ही कुठूनही बोलावता येतात आणि दोन्ही लॅपटॉपवर बरोबर उत्तर देतात. म्हणून नवीन माणसाला वाटतं, एन्व्ह फंक्शन थेट आहे, तेच वापरू. कंट्रोलरमध्ये लिहिलं, 'एन्व्ह, रेझरपे की द्या.' मिळाली. पेमेंट झालं. खूश.

मग साईट लाईव्ह जाते. लाईव्हवर वेग वाढवायला आपण 'पीएचपी आर्टिसन कॉन्फिग कॅश' ही कमांड चालवतो. ही कमांड करते काय? कॉन्फिग फोल्डरमधल्या सगळ्या फाईल वाचते, त्यातली एन्व्हची मूल्यं त्या क्षणी भरते, आणि सगळ्याची मिळून एकच मोठी फाईल बनवून बूटस्ट्रॅप फोल्डरच्या आतल्या कॅश फोल्डरमध्ये ठेवते. त्यानंतर प्रत्येक वेळी लारावेल ती तयार फाईल उचलतं आणि एन्व्ह फाईल उघडतच नाही.

उघडतच नाही म्हटल्यावर एन्व्ह फंक्शनला त्या फाईलमधलं काहीही दिसत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमनेच काही व्हेरिएबल दिलं असेल तर तेवढं मिळतं, नाहीतर नल. कंट्रोलरमधली की नल झाली. गेटवे म्हणतं, ओळख पटत नाही. ग्राहकाला 'पेमेंट अयशस्वी' दिसतं. आणि डेव्हलपर एन्व्ह फाईल उघडून बघतो तर की तिथे अगदी ठीकठाक बसलेली असते! दोन-दोन तास लोक त्या फाईलमधल्या स्पेस आणि अवतरणचिन्हं तपासत बसतात, कारण डोळ्यांना दिसतंय ते चुकीचं नाहीच. चूक कंट्रोलरमध्ये आहे.

म्हणून नियम असा: एन्व्ह फंक्शन फक्त आणि फक्त कॉन्फिग फोल्डरमधल्या फाईलमध्ये लिहायचं. बाकी सगळीकडे, म्हणजे कंट्रोलर, मॉडेल, ब्लेड, जॉब, सगळीकडे कॉन्फिग फंक्शन. बाहेरच्या कंपन्यांच्या की ठेवायला लारावेलने कॉन्फिग फोल्डरमध्ये सर्व्हिसेस नावाची फाईल आधीच दिलेली आहे. तिथे रेझरपे नावाचा एक गट करा, त्यात की आणि सीक्रेट अशा दोन ओळी, त्या ओळींत एन्व्ह फंक्शन. मग कोडमध्ये मागायचं, 'कॉन्फिग, सर्व्हिसेस डॉट रेझरपे डॉट की.' झालं. कॅश असो वा नसो, उत्तर तेच.

जुना प्रोजेक्ट हातात आला तर पहिलं काम हेच करा. ॲप, राऊट्स आणि रिसोर्सेस या तीन फोल्डरांत एन्व्ह आणि उघडा कंस असं शोधा. जेवढ्या जागा सापडतील तेवढे सुरुंग आहेत असं समजा. एकेक काढून कॉन्फिगमध्ये न्या, मग कॅश चालवा. उलट क्रमाने केलंत तर आवाज ऐकू येईल.

कॅशबद्दल आणखी तीन गोष्टी.

एक, एन्व्ह फाईलमध्ये काही बदललं की कॅश पुन्हा बनवावी लागते. फाईल सेव्ह केली आणि बदल दिसत नाही, या तक्रारीचं नव्वद टक्के वेळा उत्तर हेच असतं, असं मी म्हणतो तेव्हा तो मोजलेला आकडा नाही, फळ्यावरचा अनुभव आहे.

दोन, क्यू वर्कर. पेमेंट झाल्यावर एसएमएस आणि ईमेल पाठवायला आपण क्यू लावतो. वर्कर ही एकदा सुरू झाली की चालत राहणारी प्रक्रिया आहे. सुरू होताना तिने जी सेटिंग्ज वाचली ती तिच्या डोक्यात तशीच राहतात. तुम्ही एसएमएसचा टोकन बदललात, कॅश नव्याने बनवलीत, साईट नवा टोकन वापरू लागली, पण वर्कर जुनाच घेऊन बसला आहे. ऑर्डर येतात, एसएमएस जात नाहीत. म्हणून कॅशनंतर लगेच 'पीएचपी आर्टिसन क्यू रीस्टार्ट'. या दोन कमांड जोडीने चालवायची सवयच लावा.

तीन, आणि ही धोक्याची. लॅपटॉपवर कॉन्फिग कॅश चालवू नका. टेस्ट चालवताना पीएचपीयुनिटच्या फाईलमध्ये आपण वेगळा टेस्ट डेटाबेस सांगितलेला असतो. कॅश असेल तर ते सांगणं कोणी ऐकत नाही, आणि टेस्ट तुमच्या खऱ्या कामाच्या डेटाबेसवर चालतात. त्या टेस्टमध्ये दर वेळी टेबलं पुसून नवी बनवण्याची सोय लावलेली असेल, तर पुढचं वाक्य मी लिहीत नाही. चुकून कॅश चालवलीच असेल तर 'कॉन्फिग क्लिअर' करून मोकळे व्हा.

'ऑफ' लिहिलं आणि चालू झालं

एन्व्ह फाईल दिसायला सोपी, पण तिचे स्वतःचे कायदे आहेत.

ट्रू, फॉल्स, नल आणि एम्प्टी हे चार इंग्रजी शब्द लारावेल ओळखतं आणि त्यांचं खरं मूल्य करून देतं. बाकी सगळं अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. आता कोणी 'ॲप डीबग' समोर 'ऑफ' लिहिलं. लारावेल म्हणतं, ही स्ट्रिंग आहे. कॉन्फिगच्या ॲप फाईलमध्ये तिला हो-नाही मध्ये बदललं जातं, आणि पीएचपीत रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सोडून बाकी प्रत्येक स्ट्रिंग म्हणजे 'हो'. म्हणजे ऑफ लिहून डीबग चालू झालं! 'नो' लिहिलं तरी तेच. फॉल्सच लिहायचं.

पासवर्डमध्ये हॅशचं चिन्ह असेल आणि अवतरणचिन्हं नसतील, तर हॅशपासून पुढचं सगळं टिपण समजून सोडून दिलं जातं. होस्टिंग कंपनीने बनवून दिलेल्या पासवर्डात हॅश हमखास सापडतो. पासवर्ड अर्धाच जातो आणि डेटाबेस नाही म्हणतो. एकेरी अवतरणात टाका, प्रश्न मिटला. दुकानाच्या नावात स्पेस असेल तर तेही अवतरणातच.

आकडेही स्ट्रिंग म्हणूनच येतात, तेव्हा कॉन्फिग फाईलमध्येच त्यांना पूर्णांक करून घ्या.

आणि आता सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्ट: डीफॉल्ट. एन्व्ह फंक्शनला दुसरी किंमत देता येते, 'फाईलमध्ये नसेल तर ही घे' अशी. पानावर वीस ऑर्डर दाखवा, इथे डीफॉल्ट छानच. पण गेटवेच्या कीला कधीही डीफॉल्ट देऊ नका. रेझरपेच्या टेस्ट की 'आरझेडपी टेस्ट' ने सुरू होतात आणि खऱ्या 'आरझेडपी लाईव्ह' ने. शिकताना आपण टेस्ट की डीफॉल्ट म्हणून लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी सर्व्हर बदलला, नव्या एन्व्ह फाईलमध्ये ती ओळ टाकायची राहिली. साईट पडत नाही, एररही येत नाही. ती गुपचूप टेस्ट मोडमध्ये चालू राहते. टेस्ट मोडमध्ये पैसे न जाता पेमेंट यशस्वी होतं, आणि आपला प्रोग्राम ऑर्डरवर 'पैसे मिळाले' असा शिक्का मारतो. दुकानातून पेढे निघतात, बँकेत रुपया येत नाही. मालकाला हे कळणार कधी, तर बँकेचं स्टेटमेंट जुळवताना.

त्यापेक्षा साईट बंद पडलेली बरी. पेमेंट सुरू करणाऱ्या क्लासमध्येच दोन तपासण्या लिहा. की रिकामी असेल तर एक्सेप्शन. वातावरण प्रॉडक्शन असेल आणि की टेस्टची असेल तर एक्सेप्शन. काही जण ही तपासणी सर्व्हिस प्रोव्हायडरच्या बूट मेथडमध्ये टाकतात. ते टाळा, कारण बूट मेथड आर्टिसनच्या कमांडसाठीही चालते. चुकीची किंमत कॅशमध्ये अडकली, तर कॅश दुरुस्त करायची कमांडसुद्धा त्याच एक्सेप्शनवर आपटते आणि मग कॅशची फाईल हाताने डिलीट करावी लागते.

फाईल ब्राउझरमध्ये उघडते का?

हा भाग वाचून झाला की लगेच करून बघा. तुमच्या लाईव्ह साईटचा पत्ता टाका, पुढे तिरकी रेघ, मग टिंब आणि ईएनव्ही. 'सापडलं नाही' किंवा 'परवानगी नाही' असं आलं तर ठीक. फाईल उघडली किंवा डाउनलोड झाली, तर आजची बाकीची कामं बाजूला ठेवा.

असं होतं कशामुळे? लारावेलची रचना अशी आहे की जगाला फक्त पब्लिक फोल्डर दिसावं आणि बाकी प्रोजेक्ट त्याच्या बाहेर, वरच्या पातळीवर राहावा. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेल असतं, त्यात पब्लिक एचटीएमएल नावाचं फोल्डर असतं, आणि लोक अख्खा प्रोजेक्ट उचलून त्यात टाकतात. मग साईट उघडावी म्हणून एखादी रीडायरेक्टची युक्ती. साईट उघडते, आणि तिच्यासोबत एन्व्ह फाईलही. योग्य उपाय म्हणजे डोमेनची मूळ जागा, ज्याला डॉक्युमेंट रूट म्हणतात, ती पब्लिक फोल्डरवर वळवणं. होस्टिंगवाला ते करू देत नसेल तर होस्टिंग बदला. महिन्याला शे-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

'आमच्या छोट्या साईटकडे कोण बघतंय' हा युक्तिवाद मला दर बॅचमध्ये ऐकू येतो. बघणारा माणूस नसतो, प्रोग्राम असतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सीआयएसए या दोन संस्थांनी मिळून अँड्रॉक्सघोस्ट नावाच्या मालवेअरबद्दल इशारा प्रसिद्ध केला. त्याचं कामच हे: इंटरनेटवरच्या लारावेल साईट शोधायच्या, एन्व्ह फाईल उघडी आहे का बघायचं, आणि त्यातून ॲमेझॉन क्लाउड, सेंडग्रिड, ट्विलिओ यांसारख्या सेवांच्या की काढायच्या. ती साईट साताऱ्याची की सिएटलची, पेढ्यांची की पंपांची, त्याला घेणंदेणं नाही. तुमच्या ईमेलच्या कीवरून लाखो फसवे मेल जातात आणि बिल तुम्हाला येतं.

याच फाईलमध्ये 'ॲप की' नावाची ओळ असते. ती दिसते निरुपद्रवी, पण लारावेल तिच्यावर कुकीज एन्क्रिप्ट करतं. २०१८ साली सापडलेल्या एका त्रुटीत, सीव्हीई-२०१८-१५१३३ हा तिचा क्रमांक, लारावेल ५.५ आणि ५.६ च्या तेव्हाच्या आवृत्त्यांवर ही की हाती लागलेल्या हल्लेखोराला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता. अँड्रॉक्सघोस्ट हीच जुनी त्रुटी वापरतो. सहा वर्षांनंतरही तिचा उपयोग होत होता, कारण तेवढ्या जुन्या साईट अपडेट न होता चालू होत्या. आणि डीबगचं म्हणाल तर २०२१ मध्ये इग्निशन या एरर दाखवणाऱ्या पॅकेजमध्ये अशीच मोठी त्रुटी सापडली, तिच्यासाठी फक्त डीबग चालू असणं पुरेसं होतं. वर 'ऑफ' ची गंमत सांगितली ती एवढ्यासाठीच.

फाईल बाहेर जायचे आणखी रस्ते आहेत. एन्व्ह फाईलची 'ओल्ड' किंवा 'बॅकअप' नावाची कॉपी. प्रोजेक्टची झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवणं (यात कॅशची फाईलही जाते, आणि तिच्यात सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही). आणि गिट. लारावेल एन्व्ह फाईलला सुरुवातीपासून गिटइग्नोरमध्ये ठेवतं, पण कोणीतरी जबरदस्तीने ती कमिट करतोच. पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी इतिहासात ती राहते. तिथे उपाय एकच, त्या फाईलमधली प्रत्येक की आणि पासवर्ड बदलणं. गिटमध्ये जायची ती 'एन्व्ह एक्झाम्पल' फाईल: नावं सगळी, किंमती रिकाम्या. नवी सेटिंग वाढवली की त्याच दिवशी तिचं नाव तिथे वाढवा.

मालकाच्या सेटिंग्ज : जीएसटी आणि ३१ मार्चची रात्र

जीएसटीचा दर कॉन्फिगमध्ये ठेवला तर काय बिघडतं? २२ सप्टेंबर २०२५ ला काय झालं ते आठवा. अनेक वस्तूंचे दर एका रात्रीत बदलले. पॅकबंद फरसाण १२ टक्क्यांवरून ५ वर आलं, बिस्किटं १८ वरून ५ वर. कॉन्फिगमधला आकडा बदलला की नवी बिलं बरोबर येतील, पण ग्राहकाने ऑगस्टचं बिल पुन्हा मागितलं, तर प्रोग्राम जुन्या बिलावरही नवा दर लावून छापेल. म्हणून दराचं टेबल करा, त्यात 'कोणत्या तारखेपासून लागू' हा कॉलम ठेवा, आणि बिल बनताना जो दर लागला तो बिलाच्या ओळीतच कायमचा लिहून ठेवा. मग २२ सप्टेंबरचा नवा दर २० तारखेलाच भरून ठेवता येतो आणि रात्री बाराला कोणाला जागायला लागत नाही.

बिलाच्या नंबराचंही तसंच. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. पुढची अक्षरं मालकाला बदलू द्यायची असतील तर फॉर्ममध्ये लांबी तपासा.

आता टाईमझोन. ही प्रोग्रामची सेटिंग, कॉन्फिगच्या ॲप फाईलमध्ये, आणि लारावेल ती यूटीसी ठेवून देतं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आलेली प्रत्येक ऑर्डर यूटीसीच्या हिशेबाने ३१ मार्चला पडते. प्रोग्राम तारखेवरून आर्थिक वर्ष ठरवत असेल तर बिलाला मागच्या वर्षाचा नंबर लागतो. दर महिन्याच्या १ तारखेलाही तेच, ऑर्डर मागच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये जाते. दिवसा टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

दुकान फक्त भारतात विकत असेल, तर पहिल्याच दिवशी 'एशिया कोलकाता' करून टाका. परदेशातही पाठवत असाल तर साठवा यूटीसीत, पण बिलाची तारीख आणि आर्थिक वर्ष काढताना भारतीय वेळेत बदलून घ्या. फक्त चालू साईटवर अर्ध्यात ही सेटिंग बदलू नका. जुन्या नोंदी यूटीसीत लिहिलेल्या आहेत, त्या भारतीय वेळ म्हणून वाचल्या जातील आणि सगळ्या जुन्या ऑर्डर साडेपाच तास मागे सरकलेल्या दिसतील. बदलायचंच असेल तर जुना डेटाही सोबत बदला, बॅकअप घेऊन.

डेव्हलपर बदलतो तेव्हा

हे दुकानदार वाचकांसाठी. तुमची साईट ज्या मुलाने केली तो उद्या पुण्यात नोकरीला लागेल. चांगलं आहे, जाऊ दे त्याला. पण त्या दिवशी तुमच्याकडे काय उरतं?

गेटवेचं खातं, डोमेन, होस्टिंग, एसएमएस कंपनीचं खातं, ही चारही तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाईलच्या ओटीपीवर असली पाहिजेत. डेव्हलपरला त्यातून की काढून द्यायच्या. तो गेला की त्याच संध्याकाळी नव्या की काढायच्या. यात अविश्वास नाही. गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे गेली की आपण कुलूप बदलतोच.

डेव्हलपर मंडळींनी बदलताना क्रम पाळावा. आधी गेटवेवर नवी की तयार करा आणि जुनी थोडा वेळ चालू ठेवता येते का ते तिथे बघा. मग एन्व्ह फाईल, मग कॉन्फिग कॅश, मग क्यू रीस्टार्ट. मग एक खरी, छोट्या रकमेची ऑर्डर करून पैसे खात्यात येतात का बघा, आणि त्यानंतर जुनी की रद्द. 'पीएचपी आर्टिसन अबाउट' ही कमांड डीबग चालू आहे का आणि कॉन्फिग कॅश झालेलं आहे का, दोन्ही एका नजरेत दाखवते. 'कॉन्फिग शो' प्रत्यक्ष किंमती दाखवते, तेव्हा स्क्रीन शेअर चालू असताना ती चालवू नका.

फक्त 'ॲप की' या रांगेत बसत नाही. ती बदलली की सगळे ग्राहक लॉगआउट होतात, ते चालेल. त्यांचे पासवर्ड शाबूत राहतात, कारण ते हॅश केलेले असतात, त्यांचा या कीशी संबंध नाही. पण तुम्ही डेटाबेसमध्ये काही एन्क्रिप्ट करून ठेवलं असेल, समजा वितरकांचे बँक खाते क्रमांक, तर ते वाचता येणार नाही. लारावेल ११ पासून जुन्या की 'ॲप प्रीव्हियस कीज' या ओळीत ठेवायची सोय आहे. नवं सगळं नव्या कीने बंद होतं आणि जुनं जुन्या कीने उघडतं. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर की बदलण्याआधी तो डेटा उघडून नव्या कीने पुन्हा बंद करणारी छोटी कमांड स्वतः लिहावी लागेल. ती कमांड कशी लिहायची ते पुढच्या व्हिडिओत करू. तोपर्यंत तुमच्या प्रोजेक्टमध्ये एन्व्ह आणि उघडा कंस किती जागी सापडला, तो आकडा व्हिडिओखाली लिहा.